गुडघ्याखालचं

"फक्त गुडघ्याखालचं घे," थोरली जाऊ म्हणाली. "तोंड येऊ देऊ नकोस."

धाकटीने मोबाइल खाली केला. पडद्यावर तिच्या लेकीचे, भिंगरीचे, दोन पाय उरले. नवे पांढरे मोजे, जुने बूट. डाव्या बुटाच्या अंगठ्यापाशी घातलेले टाके धाकटीच्याच हातचे होते.

मोबाइल मात्र थोरलीचा. "तुझ्या तडा गेलेल्यावर नको बाई, फाइल परदेशी जायचीय," असं तिने आल्या आल्याच सांगितलं होतं. बुटांचंही तिनेच ठरवलं. आणलेले नवे बूट फारच कोरे दिसत होते.

सकाळची वेळ, मैदान रिकामं. या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं काम धाकटीच्या नवऱ्याचं. त्याचा थोरला भाऊ देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष. गवतासाठी दोनदा पैसे आले म्हणे. मैदानाने काही ते पाहिले नाहीत.

"मार गं."

भिंगरीने मारला. खांबांना जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू थेट मागच्या भिंतीवर आदळला.

"काय मारते कार्टी!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने मैदान सपाट करायच्या रोलरवर बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं. "नाहीतर आमची बाहुली. जिना चढली तरी धापा टाकते. नजर लागेल हो तुझ्या पोरीला."

लागतेच आहे की आत्ता, धाकटीच्या मनात आलं.

थोरलीच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. मत द्यायला गेलेल्या सगळ्यांच्या बायकांना मिळालं तसलं. त्याच्याकडे बघायचंच नाही असं धाकटीने ठरवलं होतं, आणि तरी किती वाजले ते तिला आल्यापासून चारदा कळलं होतं.

"अगं, सरळ आहे," थोरली सांगत होती. "पुढचा वर्ल्ड कप कुठे व्हायचा, ते मतांवर ठरतं. त्यातलं एक मत ह्यांचं. ज्या देशाला कप आपल्याकडे हवाय त्यांनी मुलींसाठी अकादमी काढलीय. सहा वर्षं राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं त्यांच्याकडे. ह्यांनी त्यांना मत दिलं, त्यांनी आम्हाला सीट दिली. कुणाचं काय गेलं सांग?"

गेल्या वर्षी धाकटी भाऊजींकडे गेली होती. निवड चाचणीच्या यादीत भिंगरीचं नाव घाला, एवढंच मागायला. भाऊजींनी चहा पाजला आणि म्हणाले, "घरातलंच नाव घातलं तर लोक काय म्हणतील?" तिला ते पटलंही होतं.

थोरलीने अकादमीचा फोटो दाखवला. भिंगरी पुढे वाकली. "काकू, हे गवत खरं आहे?"

"खरं म्हणजे! तिथे गवत कापायलाच दहा माणसं आहेत."

भिंगरीने आणखी चार वेळा चेंडू मारला. मग बाहुलीची पाळी. तिचं कमरेवरचं घ्यायचं होतं. थोरलीने तिला जर्सी चढवली आणि बाटलीतलं पाणी तिच्या कपाळावर शिंपडलं.

"हे कशाला गं आई?"

"घाम आहे तो. पळाल्यासारखं कर."

"मला बॉलची भीती वाटते."

"बॉल नाहीये इथे! बघ समोर."

बाहुलीने तरीही डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी कुठे जमलं. थोरली रोलरवर टेकली आणि मोबाइलवर अर्ज भरू लागली. उंची. वजन. कधीपासून खेळते, तर पाचव्या वर्षापासून. ते भिंगरीचं होतं.

"खेळण्याचा पाय? पायाचंसुद्धा विचारतात मेले! उजवाच असेल ना?"

भिंगरीने पाचही वेळा डाव्याने मारला होता. दोन वर्षांची असल्यापासून ती डाव्यानेच मारते; कणकेचा गोळा खाली पडला तरी डाव्याने.

"उजवाच," धाकटी म्हणाली.

थोरलीने उजवा लिहिलं. धाकटीला आत कुठेतरी गार वाटलं. तिकडे कुणीतरी हे नीट बघेल. अर्ज बघेल, पाय बघेल. म्हणेल, थांबा जरा.

"चला, सुटले एकदाची." थोरलीने मोबाइल पर्समध्ये टाकला. "सीट तशी मागच्याच आठवड्यात पक्की झालीय. तिकीटही आलं. हे नुसतं फाइलला लागतं. उघडून कोण बघतंय!"

भिंगरी मोजे काढायला खाली बसली.

"असू देत गं, राहू देत तुला," थोरली मायेने म्हणाली. गाडीशी जाऊन परत वळली. "आणि बाहेर कुठे बोलू नकोस हं. तू काही परकी नाहीस, म्हणून तुझ्याकडे आले."

गाडी गेली. चुन्याची रेषा चाकाखाली दोन ठिकाणी पुसली गेली.

"आई, आता तुझ्या मोबाइलवर काढ," भिंगरी म्हणाली. "तोंडासकट."

धाकटीने आपला मोबाइल काढला. अख्खी पोर पडद्यात मावेपर्यंत मागे सरकली. भिंगरी चेंडूमागे हसत उभी राहिली. पडद्यावरचा आडवा तडा नेमका तिच्या गुडघ्यांवरून जात होता. मोबाइल वर केला की तो गळ्यावर यायचा, खाली केला की पावलांवर.

"काढलास का?"

"थांब," धाकटी म्हणाली, आणि आणखी एक पाऊल मागे गेली.