रथसप्तमीच्या आत

“पोट तर मोठं सुटलं सूनबाईचं, पण कायच्या कामाचं?” उकंडराव भर बैठकीत बोलले, आणि दसऱ्याचं सोनं वाटता वाटता सगळे भाऊबंद हसले.

कोकिळा दाराआड उभी होती. चुलतसासऱ्यांना द्यायची आपट्याची पानं तिच्या मुठीत चुरगळली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. आणि उकंडराव आज नुसतं सोनं द्यायला आले नव्हते. दुसरबीडच्या एका मुलीचं स्थळ घेऊन आले होते. इंद्रभानसाठी. तिच्या नवऱ्यासाठी.

“सरकारनं कायदा केला म्हणतात, काकाजी,” इंद्रभान पुटपुटला.

“कायदा मुंबईत बे! आपण वडनेरात. पोरीच्या बापाले याच लग्नसराईत पोरगी उजवाची हाये. तू हो म्हण, नाई तं तो दुसरीकडे देईन.”

इंद्रभान हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. बाप गेल्यावर त्याला काकांनीच वाढवलं होतं.

कोकिळा तरातरा चुलीपाशी आली. सासू, अन्नपूर्णाबाई, पुरणपोळ्या भाजत होत्या.

“आत्याबाई, लेकरू देवाच्या हाती हाये. पोट माह्या हाती हाये. रथसप्तमीच्या आत हे उतरवून दाखवतो. मंग पाहू कोण हासते!”

“कायले त्याच्या नादी लागतं, माय? असू दे जसं हाये तसं.”

“काऊन असू देऊ?”

सासूने पुरणपोळीवर तुपाची धार धरली. कोकिळेने ताट सरकवून दिलं.

तिचे वडील खामगावच्या तालमीत उस्ताद होते. पोरींना तालमीत मज्जाव, पण फटीतून पाहायला कोण अडवतं? दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटायच्या आत ती धान्याच्या खोलीची कडी लावून घेऊ लागली. आधी सूर्याची बारा नावं घेऊन बारा नमस्कार. मग उताणं पडून दोन्ही पाय जोडून उचलायचे आणि टाच भुईला न टेकवता सावकाश खाली आणायचे. पहिल्या आठवड्यात तिला शिंक आली तरी पोटात कळ उठे. तरी एक दिवस चुकला नाही. बाराचे चोवीस झाले, चोविसाचे साठ.

खाण्याचाही तिने नेम धरला. दोन वेळा एकेक ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ताक. तूप, गूळ बंद. दिवस मावळल्यावर तोंडात दाणा नाही. सोमवार तर ती लहानपणापासून धरत होती, पण उपासाच्या नावाखाली साबुदाणा नि शेंगदाणे किती रिचवत होतो, हे तिचं तिलाच आता कळलं. सोमवारी नुसतं ताक.

अन्नपूर्णाबाई मात्र रोज काहीतरी करून पुढे ठेवत. कधी शिरा, कधी लाडू. “खाय माय, अशी वाळू नको.”

‘मला बेढब ठेवायचं आणि ती दुसरी आणायची,’ कोकिळेच्या मनात येई, आणि दुसऱ्या दिवशी ती पाच नमस्कार जास्त घाली.

दिवाळीनंतर एकदा ती विहिरीवर गेली, तर शेजारच्या बनाबाईने तिच्या हातातला दोर काढून घेतला. “एवढं पोट घेऊन पाणी कायले ओढता, बाई? मी देतो ना ओढून.” बाकीच्या बाया एकमेकींकडे पाहून गालात हसल्या.

कोकिळेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने दोर हिसकून घेतला आणि एकटीने आठ घागरी ओढल्या. बाया “अवं, अवं” करत राहिल्या.

उकंडराव दसऱ्यानंतर घरात फिरकले नाहीत. स्थळाचा विषयही निघाला नाही. आपला निश्चय पाहून नवऱ्यानेच नाही कळवलं असेल, असं तिने धरलं. सासूनेही एक नवल केलं. इतकं सोवळंओवळं पाळणारी बाई, पण महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची घरची रीत तिने आपण होऊन मोडली. “माह्याच्यानं एकटीनं होत नाई आता,” म्हणाली. पौषाच्या थंडीत तर विहिरीवरही स्वतःच जाऊ लागली आणि कोकिळा अंगणात निघाली की तिच्या अंगाभोवती जाड धुसा गुंडाळू लागली.

रथसप्तमीला कोकिळेने सूर्याला अर्घ्य दिलं, लुगडं कंबरेशी घट्ट आवळलं आणि वरून चांदीचा करदोटा बांधला. तो आता चार बोटं सैल होत होता. सासूने धुसा पुढे केला.

“आज नाई, आत्याबाई. आज पाहू द्या गावाले.”

बायांना वाणाचं तिने स्वतः बोलावणं धाडलं होतं. दुपारी त्या हसत-बोलत अंगणात शिरल्या. कोकिळा हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, मान ताठ करून, त्यांच्यासमोर उभी राहिली.

पुढच्या बाया जागीच थबकल्या.

बनाबाईने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग तिला छातीशी धरून हुंदका दिला. “कवा झालं वं, बाई? सातवा लागला होता ना? कोणाले काई सांगतलंही नाई... देव पुन्हा देईन.”

कोकिळेच्या हातातली कोयरी तशीच राहिली. बायांनी वाण घेतलं नाही. पदर तोंडाला लावून एकेक निघाली, आणि दुःखाच्या घरातून निघताना म्हणत नाहीत तसं, ‘येतो’ कोणीच म्हणालं नाही.

अंगण रिकामं झालं. इंद्रभान ओसरीवर खाली मान घालून बसला होता. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

“तुले खोटं बोलता आलं नसतं, म्हणून म्या अन् इंद्रभाननं तुले सांगतलं नाई,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचं लगन दुसरीकडे होईपर्यंत तरी राहू द्याचं होतं, माय. त्याच पोटाकडे बोट दाखवून म्या उकंडभाऊजीले दारातून परत पाठवलं होतं.”