हातभर बर्फाखाली

मुनाफ घळीच्या मधोमध पोचला आणि वर कुठेतरी धप्प असा आवाज झाला, धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा. कुमारने मान वर केली. उतारावर आडवी भेग पडली होती. "पळ!" तो ओरडला, पण तोवर अर्धा उतार खाली सरकला होता. मुनाफ कमरेपर्यंत दिसला, मग नुसता हात दिसला, मग काहीच नाही.

सौदीतल्या लौजच्या डोंगरावर दोन दिवस बर्फ पडत होता. खालच्या तबूक शहरातली माणसं गाड्या काढून बघायला येत होती. वरच्या टॉवरचं यंत्र बंद पडलं, म्हणून साइटवरून तिघांना पाठवलं होतं. सेफ्टी बघणारा कुमार आणि टॉवरवर चढणारे रत्नागिरीकडचे दोघे सख्खे भाऊ, सिराजुद्दीन आणि मुनाफ. कुमार फौजेतला निवृत्त सुभेदार. सात हिवाळे हिमालयात काढलेला. बर्फ कडक असतो तेव्हा पहाटेच घळ ओलांडायची, असं त्याने बजावलं होतं. गाडी आली दहाला. ऊन तापलं होतं. तो 'आज नको' म्हणाला असता तर कोणी जबरदस्ती केली नसती. तो म्हणाला, "एकेकाने जायचं."

आधी तो गेला, मग सिराजुद्दीन. शेवटी मुनाफ निघाला होता.

सिराजुद्दीन पाठीवरची बॅग फेकून घळीकडे धावला. कुमारने त्याला मागून मिठी घातली. दोघेही आडवे झाले.

"सोडा मला, सुभेदार! कुठं गेला ते मी बघितलंय!"

"वर बघ. अर्धा अजून तसाच लटकलाय. पाय ठेवलास की तोही येईल."

"येऊ दे!"

"एकाला काढायला चौघे गेलेले बघितलेत मी, सिराज. पाचही गेले."

सिराजुद्दीनने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. कुमारने सोडलं नाही. वॉकीटॉकीवर साइटवरचा नबील इंजिनिअर सांगत होता, मदतीची माणसं निघालीत, दोन तास लागतील. बर्फात गाडलेल्या माणसाकडे किती मिनिटं असतात, हे कुमारला ठाऊक होतं. त्याने घड्याळ बघितलं नाही. सिराजुद्दीन भावाला हाका मारत होता. मग हाका थांबल्या आणि तो कुमारच्या मिठीत नुसताच पडून राहिला.

बाराच्या सुमारास कड्याची सावली घळीवर आली. आणखी थोड्या वेळाने वरचा बर्फ पुन्हा कडक झाला; मदतीची माणसं अजून पोचली नव्हती. कुमारने कमरेला दोर बांधून दुसरं टोक सिराजुद्दीनच्या हातात दिलं आणि एकटाच आत उतरला. बॅगेतला लोखंडी गज बर्फात खुपसत चालला. सहाव्यांदा गजाला काहीतरी मऊ लागलं. त्याने हात करून सिराजुद्दीनला बोलावलं. दोघांनी हेल्मेटने उकरायला सुरुवात केली.

मुनाफ हातभर खाली होता. गुडघे पोटाशी घेतलेला, हात चेहऱ्यापुढे. सिराजुद्दीनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि भुवयांवरचा बर्फ अंगठ्याने पुसला. तोंडासमोर मात्र बर्फाचा पातळ पापुद्रा होता, काचेसारखा गुळगुळीत. तो त्याने नखाने काढला आणि निरखून बघितला.

"बाकी सगळीकडे भुसभुशीत आहे. इथंच असं का झालंय?"

कुमारला खोटं सांगता आलं असतं.

"श्वासाने," तो म्हणाला. "गरम श्वास लागून वितळतो, मग परत गोठतो."

सिराजुद्दीनच्या बोटांच्या चिमटीत तो तुकडा हळूहळू पाणी होत गेला.

"म्हणजे किती वेळ श्वास घेत होता?"

कुमारने वर बघितलं. उरलेला अर्धा उतार अजून जागच्या जागी होता, खाली आलाच नव्हता.