जांभळं इंद्रजाल

शिवप्पाच्या टाकीतलं इंद्रजाल आजही पूर्ण फुललेलं होतं, आणि ते बघून अक्रमच्या पोटात दुखायला लागलं.

इंद्रजाल म्हणजे समुद्रातला, झाडासारखा दिसणारा जीव. दृष्ट लागू नये म्हणून वाळवून चौकटीत घातलेलं इंद्रजाल उमरग्याच्या बऱ्याच दुकानांत गल्ल्याच्या वर टांगलेलं असतं. हे मात्र खाऱ्या पाण्यात उभं होतं. जांभळं, पंख्यासारखं पसरलेलं, फांदीफांदीवर बारीक पांढरी फुलं. पंपाच्या धारेवर निवांत डुलत होतं.

"बसा की अक्रमभाई. उभं राहून काय बघायलाव?" शिवप्पा म्हणाला.

"खायला काय घालता हो ह्याला?"

"त्याला कशाला खायला? रबराचं हाय की ओ!" शिवप्पा खळखळून हसला.

अक्रमनंही हसून घेतलं. आतून मात्र चरफडला, कारण हे वाक्य मुळात त्याचं होतं.

अक्रमचं चष्म्याचं दुकान आणि मागं घर. घरातल्या काचेच्या टाकीत असंच जांभळं इंद्रजाल, पण अस्सल, जिवंत. हैदराबादच्या एका माणसानं ते थर्माकोलच्या डब्यातून गुपचूप पाठवलं होतं. गुपचूप, कारण समुद्रातला हा जीव घरात पाळायला बंदी आहे आणि कायदा वाघासाठी असतो तितकाच कडक आहे. म्हणून कुणी विचारलं की अक्रम सांगायचा, "रबराचं आहे, शोभेचं." लोक मान डोलवायचे आणि चष्म्याचा नंबर काढून घ्यायचे.

शिवप्पा तेवढा टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचा. त्याचं भांड्यांचं दुकान, चार घरं पलीकडं. "लई भारी हाय," म्हणायचा. दिवाळी झाली आणि त्याच्याही घरी टाकी आली. टाकीत तसंच इंद्रजाल, तोंडात तेच वाक्य. गड्यानं कुठून तरी खरं मिळवलं आणि ते लपवायला आपलीच थाप उचलली, हे अक्रमनं तेव्हाच ओळखलं.

थाप उचलली तर उचलली. पण त्याचं फुलावं आणि आपलं मिटावं?

अक्रमनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? सिरिंजनं एकेका फांदीला भरवायचा. मऊ ब्रशनं शेवाळ काढायचा. पंप बंद पडू नये म्हणून वेगळा इन्व्हर्टर बसवला होता. एवढं करून ते मनात आलं तर थोडी फुलं उघडायचं, नाहीतर मेणचट फांद्या घेऊन गप्प बसायचं. आणि शिवप्पा? पाण्यात मीठ किती घालायचं हेही त्याला धड माहीत नव्हतं. परवा दुपारभर वीज नव्हती, तरी त्याचं एक फूल मिटलं नाही.

संक्रांतीला शिवप्पाच्या बायकोनं, शिवकांतानं, बोलावलं म्हणून अक्रमची बायको फरहाना तिकडं जाऊन आली. अक्रमच्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाली, "त्यांचं काय टवटवीत आहे हो! तुम्ही एवढं मरमर करता, आपलं मात्र कायम आजारी."

तिळगूळ अक्रमला कडू लागला.

दुसऱ्या दिवशी तो पडतं घेऊन शिवप्पाकडं गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "अप्पा, आपल्यात कशाला पडदा? एक फांदी कापून द्या. माझ्याकडं लावून बघतो."

शिवप्पा आधी गोंधळला. मग गडगडाट करून हसला. "रबराची फांदी रुजती व्हय? तुमी बी लई चेष्टा करताव!"

ते हसणं अक्रमच्या फार वर्मी लागलं. घरी येऊन त्यानं वनखात्याला फोन लावला. गल्ली सांगितली, भांड्यांचं दुकान सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं नाही. शिवप्पानं उलट आपलं नाव घेतलं तर, हा विचार मनात येऊन गेला. पण अक्रमभाईचं रबराचं आहे, हे तर शिवप्पा स्वतःच गल्लीभर सांगत फिरत होता.

जीप आली तेव्हा अक्रम दुकान तसंच टाकून बघायला गेला. दारात गर्दी. शिवप्पाचा चेहरा पांढराफटक पडलेला. मनातल्या मनात अक्रमला इतकं गार वाटलं की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली.

वनखात्याच्या बाईंनी बाही वर सारली, झाड पाण्यातून उचललं, बोटांनी दाबलं. मग एका फांदीचं टोक ब्लेडनं कापलं. आत तार निघाली.

"रबर आहे," त्या म्हणाल्या. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

अक्रम त्या तारेकडं बघतच राहिला. इतके महिने तो रबरावर जळत होता.

बाई हात पुसत म्हणाल्या, "माफ करा. फोन आला की आम्हाला यावंच लागतं."

शिवप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गर्दीत अक्रम दिसताच त्यानं पुढं होऊन त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला बाईंसमोर आणून उभं केलं.

"मॅडम, असलं ह्या गल्लीत अजून एकच हाय, ह्या आमच्या अक्रमभाईंकडं. त्येंचंच बघून म्या घेतलं. आलाव तसं त्येंचं बी कापून बघा, म्हंजे ह्या देवमाणसावर उद्या कुणी असला आळ घ्यायचा न्हाय."