माहेरची गाडी

"आज चहात झुरळ पडलंय." ह्यांनी माझी चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली आणि मिटक्या मारत चहा पिऊन टाकला. झुरळ नव्हतंच, पण माणसानं दचकायला काय जात होतं?

एसटी स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारलेला गळा. अर्धांगाच्या झटक्यानंतरही वाचताना अडखळत नव्हता. अर्थ तेवढा आत पोचत नव्हता. "वाक्य संपेपर्यंत सुरुवात त्यांच्या डोक्यातून निसटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "रोज एक चिठ्ठी वाचायला द्या. छोटं लिहा, काकू. त्यांच्या ओळखीचं लिहा." चाळीस दिवस मी छोटं लिहिलं. ओळखीचं काय, ते झुरळाच्या दुसऱ्या दिवशी सुचलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. माहेरची गाडी फलाट दोनवर लागली आहे. तुमची बायको निघाली आहे. ती परत येणार नाही."

ह्यांनी ताठ बसून अगदी स्टँडवरच्या सुरात पुकारलं. मग थांबले. बायकोच्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि ह्यांची मिशी हलायला लागली. मग पोट. मग अख्खी खाट.

"अहो, कळलं? कळलं तुम्हाला!" मी हातातल्या गाळणीसकट गिरकी घेतली. चहाचे थेंब पार भिंतीवर.

ह्यांनी रिकामा कप माइकसारखा तोंडापुढे धरला.

"माहेरची गाडी रद्द करण्यात आली आहे. बाईंच्या गैरसोयीबद्दल आम्ही मुळीच दिलगीर नाही."