चोवीस तास तज्ज्ञ उपलब्ध

बिनड्रायव्हरची अँब्युलन्स सिव्हिलचा रस्ता सोडून डावीकडे वळली, तेव्हा शर्वाणी सीटवरून अर्धवट उठली. स्ट्रेचरवर तिचे बाबा छाती धरून घामाने निथळत होते.

"कुठे निघालीस? सिव्हिलला चल!"

"स्टँडमागचं हॉस्पिटल जवळ आहे," गाडीतून शांत आवाज आला. "त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय, हृदयरोगतज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध."

ते वाक्य शर्वाणीचंच. वेबसाइटचा मजकूर लिहिण्यावरच तिचं पोट होतं. तज्ज्ञ पुण्याहून फक्त गुरुवारी येतात, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. पण तसं लिहिलं तर पान फिकं दिसतं. असली वाक्यं माणसं कधी मनावर घेत नसत. आता मात्र ती माणसं नव्हे, अशी यंत्रं वाचत होती.

"अगं, खोटं आहे ते! मीच लिहिलंय!"

"नातेवाईक घाबरून काहीही सांगतात. लेखी माहितीच धरली जाईल."

तिने फोनवर ते पान उघडलं, वाक्य पुसलं आणि 'फक्त गुरुवारी' असं लिहिलं.

"बदल मिळाला," गाडी म्हणाली. "पडताळणी होईपर्यंत आधीचा मजकूर ग्राह्य."

"बाबा, डोळे मिटू नका हं."

गाडी फाटकाशी थांबली. वॉचमन जेवणाचा डबा सोडून धावत आला. "ताई, आज सोमवार. आत एकही डॉक्टर नाही हो."

गाडीचं दार अलगद उघडलं. बाबांची बोटं तिच्या हातातून निसटत होती. तिनेच लिहिलेली त्या पानावरची शेवटची ओळ गाडीने वाचून दाखवली, "निश्चिंत राहा. तुमचं माणूस आता आमचं."