फळीतला बाक

धाकट्याने फळी उचलून खांद्याशी नेली, डावा डोळा मिटला आणि उजवा फळीच्या काठाला लावला. ताईने पॉलिशचं फडकं डब्याच्या कडेवर ठेवलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. सुतारकामाच्या त्या शेडमध्ये दोघं भावंडंच होती.

काठ बघायची सवय उजव्याच डोळ्याची, आणि त्यानेच मध्यंतरी दगा दिला होता. गिऱ्हाइकाच्या दाराची चांगली सरळसोट पट्टी त्याला मधेच वाकडी दिसायला लागली. त्याने रंधा मारला, पुन्हा बघितलं, पुन्हा मारला. ताईने हटकलं तेव्हा पट्टी बोटाएवढी उरली होती, आणि त्याचं म्हणणं एकच, अजून सरळ येत नाहीये. मग तिने दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणून बांधली.

"ही कशी दिसते?"

"वाकडी," तो म्हणाला, आणि रंधा खाली ठेवून बसूनच राहिला.

डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबलीय, म्हणून पडद्याला सूज आलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण हा तर म्हाताऱ्यांचा आजार ना?" ताईने विचारलं. तिशी-पस्तिशीतही होतो, त्या म्हणाल्या. रक्तदाब, रक्त, सगळं तपासून घेऊ. "या वयात पुष्कळांची नजर चांगली परत येते. पुष्कळांची म्हणतेय हं, सगळ्यांची नाही."

डोळ्यात इंजेक्शनं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. हळूहळू दवाखान्यातल्या तक्त्यावरची बारीक अक्षरंही तो वाचायला लागला. पण अक्षर वाचणं वेगळं आणि काठ बघणं वेगळं. एवढे महिने त्याने फळी डोळ्याला लावलीच नव्हती. दोरी आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन चाचपडत काम रेटत होता. वखारवाला लाकूड मोजून द्यायच्या नोकरीवर बोलवत होता, त्याला उद्या उत्तर द्यायचं होतं.

"ही कालच दोरी लावून पाहिलीय मी," सकाळी आल्या आल्या तो म्हणाला होता. "सुतासारखी सरळ आहे. डोळ्यालाही सरळ दिसली तर ठीक. नाहीतर वखार."

आता त्याने फळी खाली घेतली.

"बाक दिसतोय. मधोमध."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. उद्या हो म्हणून टाकतो. तिथे निदान बसून काम."

"तुला बसायला कधी जमलंय? शाळेतसुद्धा वर्गाबाहेर उभाच असायचास."

तो हसला नाही. ताईचं लक्ष मात्र समोरच्या भिंतीकडे गेलं. फळी त्याने आत्ता तिथूनच उचलली होती. काल तो गेल्यावर भुसा झाडताना, आडवी ठेवलेली फळी तिनेच उचलून तिथे तिरकी टेकवली होती. भिंतीला ओल होती. परत आडवी करायची राहूनच गेलं.

तिने पुढे होऊन खिळ्यावरची दोरी काढली, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपल्या अंगठ्याखाली दाबून काठावर ताणलं. मधोमध दोरी आणि लाकूड यांच्यात फट होती. फटीतून खिडकीचा उजेड येत होता.

तो वाकला. डावा डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"दोरी सरळ आहे," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "फळी वाकलीय."

"हो."

"कालपर्यंत तर बरी होती."

"मी टेकवून ठेवली. झाडताना. तिरकी."

त्याने फटीतून नख फिरवून पाहिलं. दोरी सोडून दिली आणि रंधा उचलला.

"ताई, किती वेळा सांगितलंय तुला, फळी तिरकी टेकवायची नाही. ओल्या भिंतीला तर मुळीच नाही. आडवी ठेवायची, खाली ठोकळे द्यायचे. लाकूड आहे ते, छत्री नाही कोपऱ्यात टेकवायला. आणि ते पॉलिशचं झाकण. उघडं टाकलंस ना पुन्हा? ब्रश बघ कसे कडक झालेत."

एवढ्या महिन्यांत तो तिच्यावर एकदाही चिडला नव्हता. एरवी एकाला दोन सुनावणारी ताई, मान खाली घालून सगळं ऐकत राहिली.