एवढा एकच भ्रम उरला

"आता जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," हणमंतराव म्हणाले, तशा लखनौच्या त्या वॉर्डातल्या साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "गोमतीवर असताना इंजिन बंद. मी विमानाला म्हटलं, बाई गं, एवढं बख्शी का तालाबच्या धावपट्टीपर्यंत चल."

"फिर, कमांडर साहब?" शेजारच्या खाटेवरून कुणीतरी विचारलं.

"फिर क्या. चली."

डॉक्टर सुचित्रा लखनौच्याच मानक नगरात वाढलेली मराठी मुलगी. तिला हसू आलं, पण लक्ष होतं त्यांच्या बायकोकडे. लीलावतीबाईंचा ल्युपसचा आजार मेंदूपर्यंत पोचला होता. आल्या तेव्हा झटके येत, पंख्यावर माकडं दिसत, नवऱ्याला त्या पोस्टमन समजत. औषधांनी झटके थांबले, माकडं गेली, नवरा ओळखू येऊ लागला. आज तर वार, गाव, नातवंडांची नावं, सगळं घडाघडा सांगितलं. एक भ्रम तेवढा हटत नव्हता.

सुचित्राने वाकून हळूच विचारलं, "काकू, काका नोकरीत काय करायचे?"

"एअर फोर्सच्या मेसमध्ये स्वयंपाकी. पोळ्या लाटायचे," त्या शांतपणे म्हणाल्या. "रोज काय तेच विचारतेस गं? घरी सोड मला. लोणचं घालायचं राहिलंय."

बिचारे कमांडरसाहेब. हे त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून सुचित्रा किती जपायची. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं: भ्रम आहे तोवर घरी नाही, औषधाची आणखी एक फेरी द्या. ते औषध भारी जहाल. काकूंचे केस, भूक, झोप, सगळं त्यात गेलं होतं. काळजावर दगड ठेवून तिने सिस्टरला खूण केली. सिस्टरने सलाइनच्या नळीला हात घातला.

तेवढ्यात नात सृष्टी दारात. सुट्टी मिळाल्याबरोबर बंगळुरूहून निघालेली पोर पाठीवरच्या बॅगेसकट आजीला बिलगली. हणमंतरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आपले रंगात आले होते.

"उतरून बघतो तर काय, एअर मार्शल स्वतः शिडी धरून उभे."

सृष्टीने मान वळवली.

"आबा, यहाँ भी शुरू? पूरी कॉलोनी जानती है, आप मेस में रोटियाँ बेलते थे."